स्वस्त रेडिओची उरलेली किंमत कोण भरतं? एका दोषाचा इतिहास

पीएच.डी.चा विषय सांगितला की मला हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, ‘हॅम रेडिओ म्हणजे ते वॉकीटॉकीच ना?’ आणि दुसरा, ‘पण यात इतिहास कुठे आला?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर स्वतःच्या संचातून जगाशी बोलणारा हौशी माणूस. आपल्याकडे केंद्र सरकारची डब्ल्यूपीसी ही शाखा हा परवाना देते आणि भारतीय हॅमची ओळखखूण बहुतेक वेळा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. आज तेच सांगते, कारण तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताहेत त्यांना त्यातली चूक उपयोगी पडेल. चूक माझी आहे, त्यामुळे मोकळेपणानं सांगता येईल.

माझं प्रकरण होतं स्वस्त हॅम संचांची गुणवत्ता आणि ग्राहकसेवा यांवर. पहिला मसुदा मी तीन आठवड्यांत लिहून काढला. इतक्या लवकर लिहून होतंय याचाच खरं तर मला संशय यायला हवा होता. गोष्ट अशी होती: एकेकाळी अमेरिकेत हीथकिट नावाची कंपनी होती, तिचे संच स्वस्त होते, पण मॅन्युअल सुंदर आणि सेवा प्रेमळ. मग चिनी हँडसेट आले, ते अतिस्वस्त, त्यांचं मॅन्युअल अगम्य आणि सेवा शून्य. थोडक्यात, सुवर्णकाळ आणि मग ऱ्हास. गाईड मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘हा तक्रार अर्ज चांगला जमलाय. इतिहास कधी लिहितेस?’

राग आला. पण त्या बरोबर होत्या. त्या आधीच्या महिन्यात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हँडसेट प्रोग्रॅम करायची केबल मागवली होती. आतली चिप नकली निघाली. संगणक तिला ओळखेना, विक्रेता मेलला उत्तर देईना, आणि शेवटी एका अनोळखी हॅमनं लिहून ठेवलेल्या सूचना वाचून, जुना ड्रायव्हर शोधून मी ती चालवली. ते सगळं चिडणं माझ्या मसुद्यात उतरलं होतं. तुमच्या आणि तुमच्या विषयाच्या मध्ये अशी एखादी केबल असेल, तर ती आधी बाजूला काढून ठेवा.

प्रश्न कसा बदलला

मॅडमनी सुचवलं ते साधं होतं. ‘चांगली सेवा’, ‘वाईट दर्जा’ असले शब्द काही दिवस वापरू नकोस. त्याऐवजी एकच तांत्रिक दोष धर, तो वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या स्वस्त संचांत कुठे आला ते शोध, आणि प्रत्येक वेळी तो कोणी पकडला, कोणी दुरुस्त केला आणि खर्च कोणी सोसला ते लिही. म्हणजे दोष स्थिर ठेवायचा आणि बाकीचं हलताना पाहायचं. तुलनात्मक इतिहासातली ही जुनी युक्ती आहे, पण मला ती पुस्तकात वाचून कळली नव्हती, करून कळली.

मी दोष निवडला स्प्युरियस एमिशनचा. मराठीत नकोसं किंवा उपरं उत्सर्जन म्हणू. कल्पना अशी: तुम्ही १४५ मेगाहर्ट्झवर बोलताय. संचानं फक्त तिथेच प्रक्षेपण करायला हवं. पण कुठल्याही प्रवर्धकातून त्या लहरीच्या पटीतल्या लहरीही थोड्याफार निघतात, म्हणजे २९० वर, ४३५ वर. त्या अडवायला आत गाळणी असते, म्हणजे फिल्टर. गाळणीवर पैसे वाचवले, मांडणी चुकली किंवा लहर तयार करणारं मंडलच अशुद्ध असलं, की ही उपरी लहर अँटेनापर्यंत पोचते. बोलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. त्याचा आवाज समोरच्याला खणखणीत ऐकू जातो, आणि त्रास होतो तो तिसऱ्यालाच.

म्हणून हा दोष माझ्या कामाला योग्य होता. बटण तुटलं, बॅटरी फुगली तर ग्राहक तक्रार करतो. इथे ग्राहक समाधानी असतो आणि तरीही माल सदोष असतो. पाच तारे देणारा ग्राहक आणि दूषित होणाऱ्या लहरी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मग ‘गुणवत्ता’ कोणाला विचारायची?

नियम काय सांगतो तेही एकदा बघून घ्या. अमेरिकेच्या एफसीसीच्या नियमांतला भाग ९७ हॅमसाठी आहे. ३० ते २२५ मेगाहर्ट्झमध्ये २५ वॅट किंवा कमी शक्तीच्या संचाचं उपरं उत्सर्जन मूळ लहरीपेक्षा निदान ४० डेसिबलनं कमी हवं आणि २५ मायक्रोवॅटच्या वर जाता कामा नये. पाच वॅटच्या संचाला ही दुसरी अट लावली तर प्रमाण येतं दोन लाखांत एक. हे प्रमाण कानानं कळणं शक्य नाही. त्यासाठी स्पेक्ट्रम ॲनलायझर लागतो, आणि दीर्घकाळ ते उपकरण खुद्द संचापेक्षा कित्येक पट महाग होतं.

पहिली वेळ: बेंटन हार्बर

हीथ कंपनी मुळात विमानांची. एडवर्ड हीथ स्वतः जोडायच्या विमानांचे संच विकायचा आणि १९३१ मध्ये विमान अपघातातच गेला. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीनं ती बुडीत कंपनी घेतली आणि मिशिगनमधल्या बेंटन हार्बर गावी नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे शिल्लक राहिलेले इलेक्ट्रॉनिक भाग ढिगानं विकले जात होते. अँथनीनं ते घेतले आणि १९४७ मध्ये त्यातून ऑसिलोस्कोप बाजारात आणला, पण जोडलेला नव्हे, तर सुटे भाग आणि मॅन्युअल. घरी बसून तुम्हीच जोडायचा.

हॅम संच पुढे आले. १९६३ च्या सुमारास हीथनं एकेका बँडवर चालणारे ट्रान्सीव्हर काढले, किंमत ११९.९५ डॉलर. त्या काळात ज्याच्याकडे बघून हॅम सुस्कारा टाकत तो कॉलिन्सचा केडब्ल्यूएम-२ हजार डॉलरच्या वर होता. त्याला अनेक बँड होते, याला एकच, हा फरक धरूनही ‘बजेट’ म्हणजे काय ते इथे दिसतं.

हा फरक कुठून आला? बराचसा जोडणीच्या मजुरीतून. ते काम कंपनीनं ग्राहकाच्या जेवणाच्या टेबलावर ढकललं. पण ते ढकलताना तिला एक नवं काम अंगावर घ्यावं लागलं: ज्याला सोल्डरिंग आयर्न नीट धरता येत नाही अशा माणसाकडून घरी चालणारा संच जोडून घेणं. त्यातून हीथकिटचं मॅन्युअल जन्माला आलं. प्रत्येक कृतीपुढे खूण करायला रिकामा कंस असायचा. वायर टोकाला अडकवली पण अजून सोल्डर करायची नाही, हे ‘एनएस’ या दोन अक्षरांत सांगितलेलं असे. मागे दोष शोधायचे तक्ते, कुठल्या बिंदूवर किती व्होल्टेज हवं याची यादी. ‘आम्ही तुम्हाला अपयशी होऊ देणार नाही’ अशा अर्थाचं कंपनीचं ब्रीद होतं. पत्र लिहा, सल्ला मिळेल; नाहीच जमलं तर संच पाठवा, ठराविक शुल्कात दुरुस्त होईल. एक अट मात्र कडक: ॲसिडयुक्त सोल्डर वापरलेला संच दुरुस्तीला घेतला जाणार नाही, कारण तो आतून गंजत जातो.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी इथेच थांबले होते, भारावून. दोष शोधायला लागले तेव्हा एचडब्ल्यू-२०२६ भेटला. १९७० च्या दशकाच्या मध्यात हीथनं दोन मीटर बँडचा हा एफएम संच आणला. त्यात लहर निवडायला प्रत्येक चॅनेलचं वेगळं क्रिस्टल नव्हतं, सिंथेसायझर होता. त्या वेळी हे नवंच तंत्र होतं. आणि संच उपऱ्या लहरी सोडत होता. ज्या कंपनीला मी ‘सुवर्णकाळ’ म्हटलं होतं तिच्याच संचात माझा दोष निघाला.

कंपनीनं ते संच परत मागवले आणि त्यांच्या जागी सुधारलेला एचडब्ल्यू-२०३६ दिला. जरा विचार करा, ज्या ग्राहकानं कित्येक संध्याकाळी खपून तो जोडला होता, त्याला तो परत द्यायचा आणि पुन्हा नवा संच हाती घ्यायचा. कंपनीचं आर्थिक नुकसान तर उघडच आहे. तरी तिनं ते केलं, आणि करू शकली. ‘करू शकली’ हे महत्त्वाचं. कॅटलॉग आणि स्वतःची दुकानं यांतूनच विक्री होत असल्यामुळे आपला संच कोणाकोणाच्या घरात आहे हे कंपनीला बऱ्यापैकी ठाऊक होतं. ज्या यादीतून कॅटलॉग पाठवायचा त्याच यादीतून परत बोलावता येतं.

दुसरी वेळ: फुजियान

हीथनं किट विकणं १९९२ मध्ये थांबवलं. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, चीनच्या फुजियान प्रांतातल्या बाओफेंगचा यूव्ही-५आर आला. दोन बँडचा, खिशात मावणारा, १२८ चॅनेलचा हँडसेट. किंमत आधी चाळीस डॉलरच्या आसपास, पुढे पंचवीसपर्यंत खाली.

आता एक हिशोब करू, कारण इतिहासात किंमत नुसती लिहून चालत नाही. अमेरिकेतल्या महागाईच्या मापानं १९६३ चे १२० डॉलर म्हणजे २०१२ चे साधारण ९०० डॉलर. उलट बाजूनं, २०१२ चे चाळीस डॉलर म्हणजे १९६३ चे पाच-सव्वापाच. हीथचा ‘स्वस्त’ आणि बाओफेंगचा ‘स्वस्त’ यांत असा जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोघांना एकाच रांगेत उभं करून ‘यांची सेवा कुठे गेली’ असं विचारणं म्हणजे वडापाव खाऊन हात धुवायला गरम पाणी मागण्यासारखं. हा हिशोब केला आणि माझ्या मसुद्यातला अर्धा राग तिथेच गेला.

हे शक्य झालं एका चिपमुळे. लहर तयार करणं, ध्वनी तिच्यावर चढवणं, आलेला संदेश उलगडणं, ही कामं पूर्वी कित्येक सुट्या भागांत वाटलेली होती. ती आता एका आरडीए१८४६ जातीच्या चिपमध्ये आली. म्हणजे जोडणी इतकी स्वस्त झाली की ती ग्राहकावर ढकलायची गरजच उरली नाही. उरलेल्या किमतीत काटकसर करायला जागा होती ती गाळण्यांत, प्रत्येक नग तपासण्यात, मॅन्युअलमध्ये आणि विक्रीनंतरच्या सेवेत.

एआरआरएल ही अमेरिकन हॅमची संघटना. तिच्या प्रयोगशाळेनं हॅम मेळाव्यांत येणाऱ्या लोकांचे हँडसेट तिथेच मोजायचा उपक्रम अनेक वर्षं चालवला आणि २०१५ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात निष्कर्ष दिले. जपानी नावाजलेल्या कंपन्यांचे संच जवळजवळ सगळे मर्यादेत होते. बाओफेंगचे बरेच मर्यादेबाहेर. पण सगळे नव्हेत, आणि ही गोष्ट माझ्या दृष्टीनं जास्त बोलकी आहे. एकाच नावाचे दोन नग, एक शुद्ध, एक अशुद्ध. वेगवेगळ्या तुकड्या, वेगवेगळी आवरणं, मॉडेलच्या नावामागे एखादं अक्षर बदललेलं. ‘यूव्ही-५आर’ ही एक वस्तू नाहीच, वस्तूंची एक जत्रा आहे. तुम्ही एखाद्या वस्तूचा इतिहास लिहिणार असाल तर ‘कुठली तुकडी, कुठलं साल, कोणी मोजलं’ हे विचारल्याशिवाय तिच्या नावानं वाक्य सुरू करू नका.

आणि सेवा? ती नाहीशी झाली नाही, हे मला उशिरा दिसलं. ती दुसऱ्यांनी केली. मूळ मॅन्युअलचं इंग्रजी कळेना, म्हणून वापरणाऱ्यांनीच ते नव्यानं लिहिलं. चॅनेल भरायला ‘चर्प’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी सांभाळलं. अमेरिकेतल्या एका आयातदारानं जवळपास तोच संच चांगलं मॅन्युअल आणि हमी जोडून जरा महाग विकला, म्हणजे पूर्वी किमतीत मिसळलेली सेवा आता वेगळी किंमत लावलेला माल झाली. माझी केबल ज्या अनोळखी माणसामुळे चालली तोही याच सेवेचा एक कर्मचारी, फक्त बिनपगारी.

उपऱ्या लहरींचं मात्र असं झालं नाही. मॅन्युअल चार उत्साही माणसं लिहू शकतात. लाखो खिशांत विखुरलेले संच परत कोण मागवणार? इथे हीथची ती यादी नव्हती. विक्रेता एक, आयातदार दुसरा, गोदाम तिसऱ्याचं.

एक सावधगिरी इथे सांगते, कारण मी स्वतः त्यात फसले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये एफसीसीनं यूव्ही-५आर आणणाऱ्या एका आयातदारावर लेखी कारवाई केली. ही कारवाई ‘अशुद्ध लहरींबद्दल’ होती असं ऐकायला मिळतं; मीही तसंच लिहिलं होतं. मूळ कागद वाचला तर मुद्दा वेगळा: संचाला ज्या मर्यादेत मान्यता होती त्याबाहेरच्या लहरींवर आणि जास्त शक्तीनं तो बोलू शकत होता. म्हणजे दोष मान्यतेचा, गाळणीचा नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच संचाबद्दल खऱ्या आहेत, पण एकीचा पुरावा दुसरीला चालत नाही. मूळ कागद वाचा. तो बहुधा तुम्ही ऐकलेल्या गोष्टीपेक्षा कंटाळवाणा असतो, पण जास्त उपयोगाचा.

आपल्याकडे हा प्रश्न तिसऱ्याच दारानं आला. भारतात असा संच बाळगायलाच परवाना लागतो, पण ऑनलाइन दुकानांत तो खेळण्यासारखा विकला जात होता आणि घेणाऱ्याला हे कोणी सांगत नव्हतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा दिल्या आणि त्याच महिन्यात वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. बघा, इथे हा लहरींच्या शुद्धतेचा नाही, ग्राहकाच्या माहितीचा विषय झाला. ‘यासाठी परवाना लागतो’ हे एक वाक्य न लिहिणं, हीसुद्धा किमतीतून वगळलेली सेवाच.

तिसरी वेळ: हैदराबाद

इथपर्यंत माझ्या प्रकरणाला दोन टोकं होती, अमेरिका आणि चीन. दोन टोकं असली की गोष्ट आपोआप नीतिकथा होते. तिसरं उदाहरण शोधणं म्हणूनच गरजेचं होतं, आणि ते घराजवळच सापडलं.

हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स’ नावाच्या ट्रान्सीव्हरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. हेतू असा की भारतातल्या कुठल्याही शहरात मिळणाऱ्या भागांतून तो बनावा. परदेशी फेराइटचं कडं मिळत नाही? मग कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळा. ज्यांनी लॅमिंग्टन रोडला एकेका भागासाठी पाच दुकानं पालथी घातली आहेत, त्यांना या वॉशरचं मोल कळेल.

पुढे बिटएक्स४० आणि २०१७ च्या अखेरीस ‘मायक्रोबिटएक्स’ अर्धवट जोडलेल्या संचाच्या रूपात विक्रीला आला. दहा वॅटच्या आसपास शक्ती, ८० ते १० मीटरचे सगळे बँड, सुरुवातीची किंमत १०९ डॉलर. मुख्य पट्टी जोडून मिळायची. त्यावरच्या कॉइल महिलांचा एक गट हातानं गुंडाळायचा. खोकं, बटणं, वायरिंग, शेवटची जुळवणी तुमची.

२०१८ मध्ये मोजमापाची साधनं असलेल्या काही वापरकर्त्यांनी हा संच तपासला आणि माझा दोष तिसऱ्यांदा भेटला. या बँडसाठी अमेरिकेची मर्यादा ४३ डेसिबलची, म्हणजे वीस हजारांत एक. सुरुवातीच्या आवृत्त्या काही बँडवर ती पाळत नव्हत्या. एक कारण मांडणीचं होतं: गाळण्या ठीक होत्या, पण त्यांना निवडणाऱ्या रिले आणि पट्टीवरचे मार्ग इतके जवळ होते की उपरी लहर गाळणीला वळसा घालून बाहेर पडत होती. म्हणजे दाराला कुलूप, पण शेजारची खिडकी उघडी.

पुढे काय झालं? आराखडा खुला होता, त्यामुळे ‘कंपनी सांगेल’ म्हणून कोणी थांबलं नाही. लोकांनी मोजलं, कारणं शोधली, उपाय सुचवले, आणि आराखडा करणाऱ्यांनी दोष उघडपणे मान्य केला. २०१९ मधल्या पाचव्या आवृत्तीत मांडणी बदलली. ज्यांच्याकडे जुना संच होता त्यांनी सुचवलेले बदल स्वतः केले, किंवा केले नाहीत. इथे परत मागवणं नव्हतं. दुरुस्तीचा खर्च बऱ्याच अंशी वापरणाऱ्यानंच उचलला, पण दुरुस्तीचं ज्ञान त्याच्या हातात होतं.

मग फरक कुठे?

तीन संच, तीन देश, तोच दोष. पहिल्यांदा कंपनीनं स्वतःच्या खर्चानं निस्तरला. दुसऱ्यांदा तो आजूबाजूच्यांवर सोडला गेला: प्रयोगशाळेवर, नियामकावर, शेजारच्या लहरींवर. तिसऱ्यांदा तो सगळ्यांसमोर उघड झाला आणि वाटून घेतला गेला. दोष असणं-नसणं यावरून या तिघांत फरक करता येत नाही. किमतीतून जे काम वगळलं ते शेवटी कोणाच्या ताटात पडलं, यावरून करता येतो. प्रत्येक स्वस्त वस्तूला हा प्रश्न विचारता येतो.

आणि इथे कायद्याचा एक जुना धागा लागतो, जो माझ्या प्रकरणाचा आता कणा आहे. अमेरिकेत दुसऱ्या सेवांसाठीच्या प्रक्षेपकांना विक्रीआधी मान्यता लागते. फक्त हॅमसाठीच्या प्रक्षेपकाला तशी लागत नाही. लहर शुद्ध ठेवायची जबाबदारी परवानाधारक हॅमची. असं का? कारण नियमांनी ज्या हॅमची कल्पना केली होती तो स्वतः संच बांधणारा होता. जो बांधतो तो तपासू शकतो, आणि ज्याला तपासता येतं त्याच्यावर विश्वास टाकता येतो. परीक्षा असते ती त्यासाठीच.

हीथकिटच्या काळात हे गृहीतक ताणलं गेलं तरी टिकलं. ग्राहक मॅन्युअलच्या बोटाला धरून का होईना, बांधत होता. मायक्रोबिटएक्सच्या वेळी ते पुन्हा जिवंत झालं. यूव्ही-५आरच्या वेळी मात्र नियम तोच राहिला आणि ज्याच्यासाठी तो होता तो माणूस बदलला. पंचवीस डॉलरचा संच घेणाऱ्या नवख्या हॅमवर कायदा अशी जबाबदारी टाकतो, जी पार पाडायला त्याच्याकडे ना यंत्र आहे, ना कंपनीचा फोन नंबर. ‘सेवा वाईट झाली’ यापेक्षा हे वाक्य जास्त अचूक आहे, आणि मला वाटतं जास्त काळजीचंही. हल्ली संचाच्याच किमतीत मिळणारे छोटे स्पेक्ट्रम ॲनलायझर आले आहेत. २०२० नंतर टायनीएसए बऱ्याच हॅमच्या टेबलावर दिसतो. मोजण्याची क्षमता पुन्हा हौशी माणसाकडे येतेय. तो मोजेल का, हे पुढच्या कोणाच्या तरी प्रबंधात.

तुमच्यासाठी

साधनांबद्दल दोन गोष्टी सांगून थांबते. हीथकिटची जी मॅन्युअल आज सापडतात त्यांत कंसांपुढे नीट खुणा केलेल्या असतात. साहजिक आहे. ज्यांचा संच पूर्ण झाला त्यांनीच ते जपलं. अर्ध्यात सोडलेले, जळलेले, ॲसिड सोल्डरनं गंजलेले संच कधीच भंगारात गेले, आणि त्यांच्यासोबत त्या ग्राहकांची बाजूही. चिनी हँडसेटबद्दल उलट आहे: चिडलेला माणूस लगेच लिहितो, समाधानी माणूस गप्प बसतो, आणि ज्याला उपऱ्या लहरींचा त्रास झाला त्याला तो कुठून आला हेच माहीत नसतं. एका ठिकाणी यशस्वी लोकांची साधनं उरली, दुसऱ्या ठिकाणी रागावलेल्यांची. दोन्ही जशीच्या तशी घेतलीत तर सुवर्णकाळ आणि ऱ्हास ही गोष्ट फुकट तयार मिळते. मला तशीच मिळाली होती.

तुमचा विषय रेडिओ नसेल. शिलाई मशीन असेल, पंप असेल, स्वस्त मोबाईल असेल, एसटीच्या तिकिटाचं यंत्र असेल. या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या विषयातला एकच दोष निवडा, असा की जो घेणाऱ्याला दिसत नाही. तो निदान तीन ठिकाणी शोधा, दोन नव्हे. प्रत्येक ठिकाणासाठी तीन ओळी लिहा: कोणी पकडला, कोणी दुरुस्त केला, खर्च कोणावर गेला. आणि जिथे एखाद्या ओळीत तुम्हाला चीड आलेली जाणवेल, तिथे पेन्सिलीनं खूण करा. माझ्या मसुद्यात अशा अकरा खुणा निघाल्या. त्यातल्या सात ठिकाणी पुरावा नव्हता, फक्त माझी केबल होती.